उकिडवं बसायची नोकरी

चौदा वर्षं मी बेसबॉलवर पोट भरलं, आणि त्यातली निदान दोन वर्षं तरी बेसबॉल म्हणजे काय हे लोकांना सांगण्यात गेली असतील. कुंडलात पारावर सांगितलं, सांगलीच्या एसटी स्टँडवर सांगितलं, रेल्वेच्या डब्यात सांगितलं, लग्नाच्या पंगतीत पानावर बसून सांगितलं. ऐकणारा शांतपणे ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "म्हंजे पिच्चरमध्ये गुंड ज्यानं गाडीच्या काचा फोडत्यात, ते." मी म्हणायचो, व्हय, तेच. एकदा सांगलीत शिरताना नाकाबंदीला किटबॅग उघडायला लावली. आत दोन बॅटी, लोखंडी जाळीचा मास्क, छातीचं पॅड आणि नडग्यांवर बांधायची गार्डं. हवालदारानं मास्क उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "कुनाशी भांडान हाय?" मी खेळाडूचं ओळखपत्र काढून दिलं, तर ते दुसऱ्याच राज्याचं निघालं. मग ते समजावण्यात आणखी अर्धा तास गेला.

मी कॅचर होतो. बॅट घेऊन उभा असतो त्याच्या मागं उकिडवं बसायचं आणि पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, जे काही टाकील ते अडवायचं, एवढंच माझं काम. एका सामन्यात शे-दीडशे वेळा बसायचं आणि उठायचं, तेही तोंडावर मास्क आणि छातीवर गादी बांधून, भर उन्हात. हे काम कुणालाच नको असतं. ज्याला त्याला बॅट पाहिजे, नाहीतर पिचिंग पाहिजे. माझं भागलं ते त्यामुळंच. कुठल्याही संघात कॅचरचा कायम तुटवडा, आणि मी फार मोठा खेळाडू नसलो तरी बोलावलं की हजर असायचो.

सुरुवात शाळेत झाली. आठवीत असताना आम्हाला नवे क्रीडाशिक्षक आले. त्यांनी हा खेळ कुठल्याशा शिबिरात पाहिलेला. त्यांनी आम्हा सगळ्यांना मैदानात ओळीनं उकिडवं बसवलं आणि सांगितलं की उठायचं नाही. दहा मिनिटांत निम्मी पोरं बुडावर आली. मी तालमीत बैठका मारणारा, त्यामुळं तास संपल्याची घंटा होईपर्यंत तसाच बसून राहिलो. सर जवळ आले, माझ्या गुडघ्यांकडं बघत म्हणाले, "मिळाला." मला वाटलं बक्षीस मिळालं.

माझे वडील, आम्ही आबा म्हणतो त्यांना, फौजेतून हवालदार होऊन आलेले. घरचा ऊस करायचे आणि पहाटे मला उठवून पळवायचे. त्यांच्या डोक्यात माझ्यासाठी दोनच रस्ते होते, तालीम आणि तिथून पुढं भरती. मी संघात निवडलो गेलो हे त्यांना दुसऱ्याकडून कळलं.

"काय खेळतुस म्हनं?" त्यांनी विचारलं.

"बेसबॉल."

"कुस्ती सोडून?"

"व्हय."

"आनि त्यात तू काय करतुस?"

"बसतो, आबा."

आबा सदऱ्याची गुंडी लावत होते. ती तशीच ठेवून त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग वैरण काढायला गेले. पुढं गावात कुणी विचारलं की ते सांगायचे, पोरगं सेंट्रल गव्हर्मेंटला हाय. काय करतो हे कुणी विचारू नये म्हणून लगेच पावसाचा विषय काढायचे.

कॉलेज संपलं त्या उन्हाळ्यात पहिला फोन आला. दक्षिणेतल्या एका राज्याच्या संघाचे सेक्रेटरी बोलत होते. त्यांच्या कॅचरचा अंगठा मोडला होता आणि स्पर्धा तोंडावर आलेली. राहायला खोली, खायला मेस आणि एका संस्थेत नावापुरती नोकरी. मी गेलो. दोन वर्षं राहिलो. त्यांच्या भाषेतले मला दहा आकडे, 'बर्फ आण' आणि 'बोट निखळलं' एवढंच येऊ लागलं. मग त्यांचा अंगठेवाला बरा झाला. मी परत कुंडलला येऊन ऊस भांगलायला लागलो, तोवर एका डोंगराळ राज्याचा फोन आला. तिथं थंडीनं मिटचं चामडं कडक व्हायचं. मिट म्हणजे कॅचरचा जाड हातमोजा. तो दर वेळी फाटला की सांगलीत आणायचो. बाजारात चपला शिवणारे एक काका बसतात, ते तो शिवून द्यायचे आणि प्रत्येक वेळी विचारायचे की दुसऱ्या हाताचा कुठं आहे.

असं करत मी एकूण पाच राज्यांकडून खेळलो. दर राज्यात नवं सिमकार्ड, नवं ओळखपत्र, नवा पत्ता. घरी आलो की जुन्या नंबरावर फोन लागायचा नाही, म्हणून फॉर्मवर मी दोन नंबर लिहून द्यायचो, एक आबांचा आणि लग्नानंतर दुसरा बायकोचा. खेळाडूंच्या राखीव जागेतून सरकारी नोकरीसाठी अर्ज केला, तेव्हा खिडकीतल्या बाईंनी सगळी प्रमाणपत्रं नीट लावली आणि म्हणाल्या, "यात आपल्या राज्याकडून शेवटचं कधी खेळलात?" मी म्हटलं, कॉलेजात असताना. त्या म्हणाल्या, मग ही बाकीची चालत नाहीत. नियमाप्रमाणं त्यांचं बरोबर होतं. त्याचाच जास्त राग आला. कुणी चुकलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

लग्न पाटणच्या मुलीशी झालं. ती डी. फार्म झालेली. बघायला गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी पोह्याची बशी पुढं सरकवली आणि विचारलं, "पावनं, नोकरी कुठं?"

"खेळाडू हाय मी."

"त्ये झालं. नोकरी कुठं?"

"तेच खेळायची नोकरी. आता डोंगरात हाय. पुढच्या वर्षाचं अजून ठरलं न्हाई."

त्यांनी आबांकडं बघितलं. आबांनी पावसाचा विषय काढला. मुलीनं मान वर करून माझ्या हाताकडं बघितलं. उजव्या हाताची दोन बोटं तेव्हाच वाकडी झालेली. ती म्हणाली, "ही बोटं कुनी बसवली?"

"मीच. मैदानात."

"चुकीची बसवलीत," ती म्हणाली, आणि आत गेली. मला वाटलं नकार आला. दोन दिवसांनी होकार आला. अजून मला त्याचं कारण कळलेलं नाही, आणि विचारलं की ती म्हणते, आता काय उपेग.

लग्नानंतर ती पलूसला एका औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करू लागली. मी वर्षातले सात-आठ महिने बाहेर. आलो की पहिल्या दिवशी ती माझी बॅग उघडायची आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजायची. दुखणं मारायच्या गोळ्या मी चण्यासारख्या खायचो. मग पाकिटं चुलीत टाकायची. पुढं मी ती बॅगेत ठेवणंच बंद केलं. तिनं एकदा विचारलं, "आता दुखत न्हाई व्हय?" मी म्हटलं, न्हाई. ती म्हणाली, "बरं," आणि तिच्या त्या 'बरं'वरून मला कळलं की तिला कळलंय.

एका वर्षी देशपातळीवरची स्पर्धा सांगलीतच भरली. कधी नव्हे ते घरच्या मैदानावर खेळायला मिळणार. मी आबांना म्हटलं, एकदा बघायला या. आबांनी ते मनावर घेतलं. कुंडलहून दोन जीपा भरून माणसं निघाली. सरपंच आले, तालमीतले वस्ताद आले, शाळेतले सर आले. पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सगळे बसले. सामना महाराष्ट्राचा होता, आणि मी समोरच्या संघातून मैदानात उतरलो.

हे मी आबांना सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर सांगायचं सुचलंच नव्हतं. मी कुठल्या राज्याचा शर्ट घालतो याचं मला स्वतःलाच काही वाटेनासं झालं होतं. माणसांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग ती हळूहळू गोंधळली. वस्तादांचा आवाज मला मास्कच्या आतपर्यंत ऐकू आला, "आरं, ह्यो आपला हाय का त्येंचा?"

सामना शेवटपर्यंत अटीतटीचा चालला. शेवटच्या डावात महाराष्ट्राला बरोबरी करायला एक धाव हवी होती. त्यांचा एक धावणारा तिसऱ्या बेसवरून, म्हणजे शेवटच्या टप्प्यावरून, माझ्याकडं सुटला; माझ्याजवळच्या पाटीला त्याचा पाय लागला की धाव. पोरगा सांगलीचाच, लांबून मला ओळखणारा. बाहेरून बॉल माझ्या मिटमध्ये आला तेव्हा तो तीन पावलांवर होता. त्यानं अंग टाकलं, मी आडवा पडलो आणि त्याच्या पायाला बॉल टेकवला. पंचांनी मूठ वर केली. बाद. सामना संपला. माझे संघातले सोबती माझ्या अंगावर येऊन पडले, आणि त्या ढिगाखालून मला पहिली रांग दिसत होती. कुणी टाळी वाजवली नाही. सर तेवढे उभे राहिलेले, पण त्यांनाही हात कुठं ठेवावेत कळत नव्हतं.

परत जाताना मीही आबांच्याच जीपमध्ये होतो. पलूस मागं पडल्यावर आबा म्हणाले, "फौजेत आसं केलं आसतंस तर आत टाकला आसता."

"आबा, ती माझी नोकरी हाय. ज्येंची भाकरी खातो त्येंच्याकडनं खेळनार."

"त्येच म्हंतोय मी. तुला त्याचं काय बी वाटंना झालंय."

यावर मी चिडून बरंच बोललो. आता ते आठवलं की मला आबांपेक्षा माझाच जास्त राग येतो, कारण त्यातलं एकही वाक्य त्यांच्या बोलण्याला उत्तर नव्हतं.

त्यानंतर एका बिल्डरनं खासगी लीग काढली. सहा संघ, रंगीत कपडे, खेळाडूंच्या नावाचे फलक. आता आपलं नशीब उघडलं असं मला वाटलं. तिसऱ्या आठवड्यात आमच्या मॅनेजरनं मला हॉटेलच्या लॉबीत बोलावून घेतलं.

"तुम्हाला दुसऱ्या संघात जायचंय, उद्यापासून."

"बरं. माझ्या बदल्यात कोण येनार?"

"कोण नाही. त्यांच्याकडं बॉल फेकणारं यंत्र आहे. सरावासाठी. ते आम्हाला देणार."

मी बॅग भरली. दुसऱ्या संघात गेलो तर तिथली पोरं माझ्यावर नाराज, त्यांचं यंत्र गेलं म्हणून. आठ दिवसांनी ते यंत्र बंद पडलं असं कळलं, तेव्हा मला झालेला आनंद काही शोभणारा नव्हता. पुढच्या वर्षी लीग भरलीच नाही. बिल्डरनं फोन उचलणं बंद केलं, आणि फलकावरचा माझा फोटो म्हणे कुणीतरी गोठ्यावर ताडपत्रीसारखा घातला.

शेवटची स्पर्धा खेळलो तेव्हा मी पस्तीसचा होतो. खेळलो म्हणणं बरोबर नाही. एका राज्यानं बोलावलं, सतरा तासांचा प्रवास करून गेलो, आणि तिथं गेल्यावर समजलं की सामन्यासाठी त्यांच्याकडं कॅचर आहे. मला बोलावलं होतं ते पिचरांचे हात गरम करून द्यायला. सामन्याआधी बाजूच्या पट्ट्यात बसायचं, चार पिचरांचे बॉल घ्यायचे आणि सामना सुरू झाला की पाण्याच्या पिंपाशेजारी उभं राहायचं. मी परत निघणार होतो. पण त्यांच्यात एक डावखुरा पिचर होता, विशीतला. त्याचा बॉल शेवटच्या क्षणी असा खाली पडायचा की तसा मी चौदा वर्षांत घेतला नव्हता. तेवढ्यासाठी थांबलो. दहा दिवस रोज सकाळी त्याचे बॉल घेतले. संघ जिंकला. प्रमाणपत्रांच्या यादीत माझं नाव नव्हतं. डावखुरा स्टेशनपर्यंत सोडायला आला, आणि सांगलीला आलो की तुमच्याकडं येईन म्हणाला.

घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संडासात बसलो तो उठताच येईना. दाराच्या कडीला धरून पाहिलं, कडी हातात आली. शेवटी बायकोनं दार उचकटून काखेत हात घालून मला वर काढलं. आठवड्याभरात तिनं गवंडी बोलावून कमोड बसवून घेतला. आबांनी त्यावर चार दिवस बोलणं टाकलं. कमोडवर म्हातारी माणसं बसतात आणि घरात एकच म्हातारा आहे, असं त्यांचं म्हणणं.

मग मी फोनची वाट बघत राहिलो. मिरजेच्या डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो काढून पाहिले आणि विचारलं, गुऱ्हाळात काम करता का. मी व्यायाम सुरू केला. मिटला तेल लावून ठेवलं. एक हंगाम गेला, दुसरा गेला. कुणाचाही फोन नाही. चौदा वर्षं ज्यांची अडचण भागवली त्यातल्या एकालाही माझी आठवण येऊ नये, याचा मी घरात दिवसभर त्रागा करायचो. बायको ऐकून घ्यायची. आबा ऐकून घ्यायचे.

गेल्या वर्षी सांगलीत हळदीच्या पेठेजवळ मागून कुणी हाक मारली. तो डावखुरा. मामाच्या गावी लग्नाला आलेला. चहा घेतला. तो म्हणाला, "दादा, तुमची तब्येत आता कशी?"

"मला काय झालंय?"

"वहिनी म्हणाल्या ना, खेळणं सोडलं म्हणून. दोन्ही वर्षी तुमच्यासाठी फोन केले होते. मीच सेक्रेटरींना सांगितलेलं, तेच पाहिजेत."

मी उरलेला चहा तसाच ठेवून घरी आलो. बायको घराच्या पुढच्या सोप्यात मेथी निवडत बसली होती.

"फोन आलते?"

तिनं वर बघितलं नाही. "आलते."

"किती?"

"तीन."

"आनि मला सांगितलं न्हाईस."

"न्हाई. सांगितलं आसतं तर तुमी गेला आसता."

"जायाचं का न्हाई ते मी ठरवनार. माझं काम हुतं ते."

"व्हय," ती म्हणाली. "आनि संडासातनं तुमाला उचलायचं काम माझं हुतं. त्ये कुनी ठरवलं? मला इचारलं हुतं का कुनी?"

मी काहीतरी फेकायला शोधत होतो, हाताला मेथीची जुडी आली, ती परत ठेवली आणि शेतात निघून गेलो. मला काही झालेलं नाही हे दाखवायचं होतं, पण दाखवायला कोणीच नव्हतं. उसाच्या बांधावर गेलो आणि खाली बसलो, कॅचर बसतो तसा. टाचा वर, पाठ सरळ. मस्त बसलो. दोन मिनिटं तर वाटलं, बाई उगाच घाबरली. मग उठायला गेलो. डावा गुडघा जागचा हलेना. ना वर, ना खाली. हाताशी धरायला उसाशिवाय काही नाही, आणि ऊस मोडला.

तासाभरानं आबा मोटर बंद करायला आले. सत्तरी ओलांडलेला माणूस. त्यांनी मला ओढून पाहिलं, नाही जमलं. मग ते माझ्याशेजारी बांधावर बसले.

"ट्रॅक्टर यील इकडनं," म्हणाले. "त्येला हात लावाय सांगू."

मी त्यांना बायकोचं सांगितलं. तीन फोन, आणि घरात बसून माझा त्रागा ऐकत राहिली, हे सगळं. मला वाटलं ते माझ्या बाजूनं बोलतील. सून काही झालं तरी त्यांना थोडी दचकून असते. आबा पायाशी पडलेला उसाचा कांडका उचलून सोलत राहिले.

"माझ्या फोनवर बी एक आला हुता," ते म्हणाले.

"कवा?"

"पोळ्याच्या आदी. हिंदीत बोलत हुता. म्या इचारलं, कुठल्या राज्याचा? तर निराळंच नाव सांगितलं. सहावं. म्या म्हनलं, त्यो आता कुठं यीत न्हाई."

"आवं आबा, पर का?"

"का म्हंजे? पाच झाली की रं. आनि किती राज्यं हिंडनार?"

उकिडवा अडकलेला माणूस भांडणार तरी कसा. ट्रॅक्टरवाल्यानं आणि त्याच्या जोडीदारानं मला उचलून ट्रॉलीत ठेवलं आणि घरासमोर उतरवलं. बायकोनं बघितलं, शेक द्यायची पिशवी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी डावखुऱ्याच्या संघाच्या सेक्रेटरींना स्वतः फोन लावला. ते आनंदानं बोलले. आता त्यांच्याकडं दोन कॅचर होते, दोघंही एकवीस-बावीसचे. तब्येतीला जपा, म्हणाले. मी त्यांना तीस-चाळीस सेकंदांत दोन्ही पोरांबद्दल विचारलं. एकाचा थ्रो कच्चा होता. तो कोपर खाली ठेवत असणार, त्याला कोपर उचलायला सांगा, एवढं सांगून फोन ठेवला.

बायकोनं जे केलं ते मला अजून पटलेलं नाही. मी तिला तसं सांगतो आणि ती 'बरं' म्हणते. गेलो असतो तर काय झालं असतं हे मला डॉक्टरांनी पेनानं रेघा मारून दाखवलंय, तेही मला कळतं. पण खेळ सुटायचाच होता तर तो माझ्या हातानं सुटायला हवा होता, असं मला वाटतं, आणि हे वाटणं जाईल असं दिसत नाही.

सध्या आठवड्यातले तीन दिवस सांगलीत एका खासगी शाळेत मुलांना बेसबॉल शिकवतो, खुर्चीवर बसून. पालक येऊन विचारतात, क्रिकेट कधी सुरू करणार. परवा मुख्याध्यापिकांनी बोलावलं होतं. स्नेहसंमेलनात बेसबॉलचं दहा मिनिटांचं प्रात्यक्षिक हवंय, लेझमीनंतर, गाण्याच्या चालीवर. मी त्यांना कागदावर मैदान काढून कोण कुठं उभं राहील ते दाखवलं. त्यांनी कॅचरवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हा मुलगा खालीच बसतोय, मागून पालकांना दिसणार नाही. याला काढून टाकूया का?"

मी म्हटलं, त्याच्याशिवाय खेळ होत नाही. त्या म्हणाल्या, दहा मिनिटांचाच तर प्रश्न आहे. त्यावर आमचं अजून चालू आहे.